मानाची साडी आणि 625 रेघा

आमच्या लग्नात मानाची साडी आधी मामीला दिली की आत्याला, हा वाद 1992 च्या मे महिन्यापासून चालू आहे. आत्या म्हणते, मामीला. बायकोच्या माहेरची मंडळी म्हणतात, आत्यांना. वराची सख्खी आत्या समोर उभी असताना मामीला आधी द्यायला आम्ही काय रानातून आलोय? मामी काहीच म्हणत नाही. नुसती हसते, आणि त्या हसण्यावर हा वाद दर दिवाळीला नव्यानं पेट घेतो. लग्न सांगलीत झालं. मांडवात मी जातीनं हजर होतो, पण माझी साक्ष कोणी धरत नाही. नवरदेवाला त्या वेळी काही दिसत नसतं, असं दोन्ही पक्षांचं मत आहे. तेहेतीस वर्षांत त्यांचं जुळलेलं हे एकच मत.

गेल्या वर्षी पुतण्याच्या मुंजीत, ऐन पंगतीत, विषय पुन्हा निघाला. आत्याचं वय 84. तिनं जिलबी खाली ठेवली.

"लग्नाची कॅसेट आहे ना रे तुझ्याकडे? लाव की. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

"कॅसेट आहे आत्या, पण लावू कशावर?"

"मग डिजिटल करून आण," असं म्हणून तिनं मठ्ठा मागितला.

शूटिंगवाला मिरजेचा होता, कोणाच्या तरी ओळखीचा. त्यानं कॅसेटच्या दोन प्रती दिल्या होत्या. एक सांगलीला थोरल्या भावाकडे तळमजल्यावरच्या कपाटात होती. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी शिरलं त्यात कपाटासकट गेली. उरली ती आमच्याकडची, पुण्यातली, माळ्यावर जुन्या रगांच्या खाली. तेव्हा जे काही करायचं ते या एकाच कॅसेटवर, आणि चुकलं तर आत्याच्या दरबारात आरोपी मी.

मी सहकारी बँकेत 31 वर्षं काढली. आमच्याकडे साधा स्टेपलर घ्यायचा तरी तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता आणि खरेदी समितीची शिफारस लागायची. ती सवय निवृत्तीबरोबर जमा करून घेत नाहीत. मी लगेच समिती नेमली. समितीत मी एकटाच होतो, तरी पहिल्या दोन सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्या.

सरळ मार्ग म्हणजे कॅसेट स्टुडिओत देऊन मोकळं होणं. आमच्या रस्त्यावरच्या एका दुकानात 'जुन्या कॅसेट 4के मध्ये करून मिळतील' अशी पाटीही होती. आता व्हीएचएस कॅसेटमध्ये मुळात तपशील किती, तर आडवं मोजलं तर जेमतेम 240 रेघांचा. त्याचं 4के करणं म्हणजे चार माणसांच्या आमटीत हंडाभर पाणी घालून अख्खी पंगत उठवणं. पाट्यांचा दोष नाही, त्यांना खपावं लागतं. पण काउंटरवरच्या मुलानं कॅसेट हातात घेतली, कानाशी नेऊन नारळासारखी हलवली आणि म्हणाला, "आहे काका, आत आहे काहीतरी." मी ती परत पिशवीत घातली.

म्हणजे यंत्रं आपणच जमवायची. मला वाटलं होतं एक यंत्र लागेल. लागतात तीन: कॅसेट वाजवणारं, तिचा थरथराट थांबवणारं आणि संगणकात उतरवून घेणारं. प्रत्येकाच्या बाबतीत जाणकारांचे किमान दोन संप्रदाय आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहारसुद्धा नाही.

पहिलं यंत्र, व्हीसीआर. जेव्हीसी कंपनीनं व्हीएचएस जपानमध्ये आणलं 1976 साली, आणि शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाईनं 2016 च्या जुलैमध्ये कारखाना थांबवला. म्हणजे नवा व्हीसीआर हा प्रकार पृथ्वीवर नाही. जे आहेत ते सगळे सेवानिवृत्त, माझ्यासारखे. गुडघे तपासूनच घ्यायचे. एके काळी हेच यंत्र आमच्या चाळीत गणपतीत एका रात्रीसाठी भाड्यानं यायचं, सोबत रंगीत टीव्ही आणि राखणीला मालकाचा एक माणूस. तीन सिनेमे असायचे. तिसऱ्याचा शेवट चाळीत कोणीही पाहिलेला नाही, त्या राखणदारानं पाहिला असेल तर असेल.

ही अडचण मी न्यू जर्सीतल्या भाच्याला सांगितली. त्यानं तिथल्या कोणाच्या तरी अंगणातल्या विक्रीतून 10 डॉलरला एक देखणा व्हीसीआर घेतला आणि इकडे येणाऱ्या मित्राच्या गळ्यात घातला. मित्रानं बायकोचे दोन ड्रेस काढून त्याला बॅगेत जागा केली. परतीच्या बॅगेत तेवढ्या जागेत मी बाकरवडी भरून दिली. फिटंफाट.

व्हीसीआर चालत होता. त्याला 110 व्होल्ट लागतात म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला. त्यानं कॅसेट हातातून हळुवार ओढून घेतली, आत खडखड झाली, माझ्या अंगावर रोमांच आले. आणि पडद्यावर मुंग्यांच्या वारुळातून काहीतरी धोतरासारखं वर वर सरकत निघून गेलं. आपल्याकडची पद्धत 'पाल': 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेची 'एनटीएससी': 525 रेघा, सेकंदाला 30. फीतही तिथं वेगळ्या गतीनं ओढतात. कॅसेट तीच, खोका तोच, आत जाते, बसते. संसार मात्र होत नाही. रूप पाहिलं, घराणं पाहिलं, पगार पाहिला, आणि पत्रिका पाहायची राहिली. नाडी एक निघाली.

मग मी पुण्यातल्या जुन्या बाजारात गेलो. हा बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी गर्दी कमी आणि विक्रेत्याला बोलायला सवड असते.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"लाइट लागतोय की."

या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. लाइट खरंच लागत होता. मी तीन घेतले, कारण त्यानं सांगितलं की तिन्हींचा मिळून एक होईल. बायकोनं दारातच विचारलं, "अहो, हे तीन आले, तो अमेरिकेचा आहेच. चौघांची जेवायची सोय काय?"

तिन्हींचा मिळून एक करणारा माणूस शनिवार पेठेत सापडला. सत्तरीचा मेकॅनिक, दुकान जिन्याखाली, समोर मिक्सरची भांडी. त्यानं पहिल्या व्हीसीआरचं झाकण काढलं आणि मी प्रथमच आत पाहिलं. मधोमध एक चकचकीत ड्रम, सत्यनारायणाच्या पूजेतल्या गडव्याएवढा, आणि तो सरळ नाही, किंचित कललेला. मेकॅनिकनं नखानं तो हलकेच फिरवला. आवाज न करता फिरत राहिला.

"हा मिनिटाला दीड हजार फेरे मारतो," तो म्हणाला. "आणि फीत त्याच्याभोवती मुंगीच्या चालीनं सरकते. सेकंदाला सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. तीन तासांत अडीचशे मीटर. ड्रम तिरका आहे म्हणून फितीवर तिरक्या रेघा पडतात. एक तिरकी रेघ म्हणजे अर्धं चित्र." मग बाजूच्या रबरी पट्ट्याला हात लावला. पट्टा बोटाला चिकटून लांब तार निघाली. "बेल्टची काकवी झालीय."

मी माहिती असल्याचं दाखवावं म्हणून म्हटलं, "आम्ही पूर्वी पिक्चर फाटायला लागलं की कोरी दहाची नोट घालून हेड पुसायचो."

त्यानं कपाळाला हात लावला. "साहेब, त्या नोटांनी जेवढी हेडं मारली तेवढी विजेनंही मारली नसतील. वर-खाली घासलं की टोकच उडतं." मग त्यानं शामॉयच्या तुकड्यावर अल्कोहोल घेतलं, तुकडा ड्रमला लावून हात स्थिर धरला आणि दुसऱ्या हातानं ड्रम फिरवला. सराफ सोनं पुसतो तसं. तेवढ्यात मी ठरवलं, हे कोटेशन मंजूर. बाकीची दोन मागवायची नाहीत. बँकेत असतो तर ऑडिटमध्ये आक्षेप आला असता.

आता कॅसेट. त्यानं ती उजेडात धरली. मागच्या बाजूचा टॅब मोडलेला होता, तो शूटिंगवाल्यानंच मोडला असणार, कोणी वर क्रिकेटची मॅच भरू नये म्हणून. एवढा शहाणपणा झाला होता. पण खिडकीतून पाहिलं तर फितीच्या कडेला पांढरं पीठ दिसत होतं.

"बुरशी," तो म्हणाला आणि कॅसेट त्याच्या व्हीसीआरपासून हातभर लांब ठेवली. "ही अशीच घातली तर हेडला लागेल, आणि मग त्यात जी जाईल तिला लागेल. आधी वाळवा, मग पुसा."

त्यामुळे पंधरा दिवस आमची लग्नाची कॅसेट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बसली. सोळाव्या दिवशी मी गॅलरीत स्टूल टाकून, मास्क लावून तिचं झाकण वर केलं. खालच्या बाजूला मधोमध एक भोक असतं, त्यात काडी घातल्याशिवाय रीळ फिरत नाही. हे मला या वयात कळलं. काडी घालायची, एका हातानं रीळ फिरवायचं, दुसऱ्या हातानं मऊ फडक्याच्या चिमटीतून फीत जाऊ द्यायची. अडीचशे मीटर. चाळीस मीटर झाल्यावर समोरच्या गॅलरीतून विचारणा झाली, "काय हो, कुरडया का?" बायको आतून म्हणाली, "करोनात हाच मास्क हनुवटीवर असायचा."

दुसरी वस्तू, संगणकात उतरवून घेणारी. तपकीर गल्लीत एक बोटभर डांगळी मिळते, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल, पांढरी पिन. 700 रुपये. चार दुकानांत चार खोकी पाहिली, चारही बाहेरून सारखी. आतला चिप मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाचा, आणि तो खोकं उघडून, वायर जोडून, संगणकानं ओळख दिल्यावरच कळतो. मी एक घेतली आणि चाचणीसाठी धाकट्या मेव्हण्याच्या लग्नाची कॅसेट वापरली. त्याला सांगितलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. मग फितीतलं चित्र जरा थरथरलं की ही डांगळी गोंधळून एखादं चित्र गाळायची, आवाज मात्र सगळा घ्यायची. तासाभरानं दोघांची फारकत झाली. भटजींचं 'सावधान' यायच्या आत अक्षता पडून गेल्या होत्या आणि हार घालून झाले होते. मेव्हण्याच्या संसाराकडे पाहता सावधान उशिरा आलं हे मला पटण्यासारखं होतं, पण आमच्या प्रकरणात कोण आधी आणि कोण नंतर हाच तर मुद्दा होता. तिथं गाळलेलं एक चित्रसुद्धा परवडणारं नव्हतं.

इथं तिसऱ्या यंत्राचा शिरकाव होतो. त्याचं नाव टाइम बेस करेक्टर. ते काय करतं, हे मी बायकोला पंगतीच्या भाषेत सांगितलं. समज, चित्रातली प्रत्येक रेघ म्हणजे एक वाढपी. प्रत्येकानं ठरल्या ठोक्याला पंगतीत शिरायला हवं. पण फीत जुनी, ताणलेली, रबरं ढिली. म्हणून कोणी लवकर येतो, कोणी भात घेऊन रेंगाळतो. त्यामुळे उभी भिंत लाटेसारखी दिसते आणि चित्राचा वरचा काठ एका बाजूला वाकतो. टाइम बेस करेक्टर हा दारात उभा राहिलेला मुकादम. तो येणाऱ्या प्रत्येकाला थांबवतो, ओळीत लावतो आणि ठोक्याला एकेकाला आत सोडतो.

"आणि याला किती पडतात?" तिनं विचारलं. पंगत तिच्या लक्षात आलीच नव्हती.

खरा, स्टुडिओतला मुकादम परवडत नाही. पण जाणकारांच्या एका संप्रदायात अशी वहिवाट आहे की काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये हा मुकादम अंगभूत असतो. डीव्हीडी करायची नाही. एका बाजूनं सिग्नल घालायचा, दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायचा. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांकडे असा एक रेकॉर्डर टीव्हीखाली भरतकामाच्या रुमालाखाली होता.

"डीव्हीडी करणार?" त्यांनी विचारलं.

"नाही. कॅसेटचं चित्र यातून नुसतं जाऊ देणार. आत जाईल आणि शिस्त लागून बाहेर येईल."

कुलकर्णी गंभीर झाले. "आमच्या धाकट्यालाही एक वर्ष वसतिगृहात असंच ठेवलं होतं," ते म्हणाले आणि रेकॉर्डर दिला. रुमाल मात्र ठेवून घेतला.

मुलाला हे सगळं गावठी वाटलं. तो बंगळुरूहून रोज रात्री नवा ठराव मांडायचा. पिवळी वायर कशाला, एस-व्हिडिओ वापरा, त्यात उजेड आणि रंग वेगळे येतात. हे मान्य केलं, कारण ते खरं आहे. फाइल दाबून लहान करू नका, तासाला तीसेक जीबी लागले तरी चालतील. हेही मान्य, नवी डिस्क आली. मग एके रात्री म्हणाला, व्हीसीआरमधली पुढची सगळी यंत्रणाच वगळायची, हेडवरून निघणारा कच्चा सिग्नल सरळ संगणकात घ्यायचा आणि चित्र सॉफ्टवेअरनं जुळवायचं. लोक करतात तसं, आणि निकाल खरोखर चांगला येतो. म्हणजे व्हीसीआरचं हेड घ्यायचं आणि डोकं टाकून द्यायचं. पण त्यासाठी मेकॅनिकच्या त्या चकचकीत संसारात डागणी घेऊन वायर डकवायची होती. खरेदी समितीनं हा ठराव बहुमतानं फेटाळला.

या सगळ्याला आठ महिने लागले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं 2015 सालीच इशारा देऊन ठेवलाय की 2025 पर्यंत चुंबकीय फितीवरचं काय ते उतरवून घ्या, पुढे यंत्रंही मिळणार नाहीत आणि ती चालवणारी माणसंही. त्यांनी दहा वर्षांची मुदत दिली होती. आमचं पहिल्या सभेचं इतिवृत्त त्या मुदतीच्या शेवटच्या वर्षात लिहून झालं. सहकार क्षेत्राच्या मानानं हे वेळेत म्हणायचं.

माझ्या तक्त्यात तोवर 14 रकाने झाले होते. शेवटच्या रकान्यात एकूण खर्च: तीन व्हीसीआर, दुरुस्ती, ट्रान्सफॉर्मर (निरुपयोगी), डांगळ्या दोन (दुसरी जरा बऱ्या कुळातली), डिस्क, वायरी, बाकरवडी, 23,400 रुपये. बायकोनं तो आकडा चष्मा लावून वाचला.

"एवढ्यात आत्यांना एक बरी पैठणी आली असती. आणि ती सगळ्यांच्या आधी देता आली असती."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. पण आता यंत्रं आली होती.

आत्या सांगलीहून मुद्दाम आली. मामीला गुडघ्यामुळे जमलं नाही, म्हणून तिला मोबाइलवर घेऊन तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मेव्हणा सासरपक्षाचा निरीक्षक. व्हीसीआर, कुलकर्ण्यांचं वसतिगृह, डांगळी, संगणक अशी रांग टेबलावर लागली, आणि मी बटण दाबलं. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. संगणक कितीही वेगवान असो, ड्रम आपल्या दीड हजार फेऱ्यांनीच फिरणार.

चित्र आलं. खांब सरळ, कडा सरळ, मुंग्या नाहीत. आधी 'शुभविवाह' ही अक्षरं गिरक्या घेत आली, मग एक गुलाब उमलला आणि त्यात मी होतो, मिशीसह. मग सीमांतपूजन, मग मंगलाष्टकं. सावधान आणि अक्षता बरोबर एका वेळी. मग पंगत. शूटिंगवाल्यानं पंगत 35 मिनिटं घेतली आहे. हॅलोजनचा झोत एकेका पानावर थांबायचा, की तो माणूस चावायचा थांबायचा आणि श्रीखंडाकडे असं पाहायचा की जणू ते कोणी आणून ठेवलंय त्याची त्याला कल्पनाच नाही. त्या पंगतीतली निम्मी माणसं आता नाहीत. आत्या एकेकाची नावं घेत होती. आबा दिसले तशी म्हणाली, "हे बघ, मठ्ठ्याची वाटी पालथी. जन्मभर मठ्ठा नको म्हणायचे आणि माझ्यातला प्यायचे." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मोबाइलमध्ये मामीनंही डोळ्याला पदर लावलेला दिसला, किंवा रेंज गेली असेल.

दोन तास 12 मिनिटांनी मानपान सुरू झाला. आम्ही सगळे पुढे सरकलो. सासूबाई तरुण, हातात साड्यांची चळत, वरची मोरपंखी. शेजारी करवली कुंकवाची कोयरी घेऊन. समोर सतरंजीवर डावीकडे आत्या, उजवीकडे मामी, दोघी नाकात नथ घालून, दोघी पाटावर, दोघी दुसरीकडेच पाहत असल्यासारख्या. सासूबाईंनी वरची साडी उचलली. दोन्ही हातांत धरली. पुढे वाकल्या.

आणि पडद्याच्या मधोमध एक गुलाबी बदाम उगवला. तो मोठा होत होत चारी कडांना भिडला. त्याच्या आत मी आणि बायको, स्टुडिओतल्या रंगवलेल्या धबधब्यासमोर, हळूहळू गोल फिरत होतो. 11 सेकंद. मी नंतर एकेक चित्र पुढे सरकवून मोजलं: 275 चित्रं, एकही गाळलेलं नाही. बदामाची कड तर इतकी रेखीव आली होती की मुकादमाला शाबासकी द्यावी.

बदाम मिटला तेव्हा आत्याच्या आणि मामीच्या, दोघींच्या मांडीवर साड्या होत्या आणि दोघींच्या कपाळावर ओलं कुंकू होतं.

खोलीत फक्त व्हीसीआरची घरघर होती.

"मिक्सिंगमध्ये घातलेलं दिसतंय," मेव्हणा म्हणाला. "त्याची मूळ कॅसेट..."

"तेव्हा मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायचे," मी म्हटलं.

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो शूटिंगवाला मिरजेचा ना रे? ठरवला कुणी होता?"

कोणीच बोलेना. मला आठवत होतं, पण नवरदेवाची साक्ष धरत नाहीत. शेवटी बायकोच हळूच म्हणाली, "मामींच्या भावानं."

आम्ही सगळ्यांनी तांब्याकडे पाहिलं. मामी नुसती हसत होती.